परक्या घरातलं बाळंतपण: नागपुरात नव्याने डूलाचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

"डुलवणारी बाई का?" नंदनवनातल्या एका घरी आजीबाईंनी मला पहिल्याच भेटीत विचारलं. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबत राहून तिला आधार देणारी. तो शब्द आजींच्या कानावर तसाच पडला होता. मी हसून नाही म्हणाले आणि तो मूळ ग्रीक शब्द, अर्थ दासी, असलं काहीबाही सांगत बसले. आजींनी ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "चाय मांड वं हिच्यासाठी, दुरून आली बिचारी." पाच आठवड्यांनी त्याच सुनेला रात्रभर कमरेला धरून मी डावीकडून उजवीकडे झुलवत होते. आजींचा अर्थच खरा निघाला.

मी वाईकडची. नवऱ्याची बदली झाली म्हणून नऊ वर्षांपूर्वी नागपूरला आले. डूलाचं प्रशिक्षण पुण्यात झालं होतं. राज्य तेच, भाषा तीच, मग अडचण कसली, असं वाटत होतं. पहिल्याच फोनवर पलीकडची मुलगी म्हणाली, "ताई, मघापासून बम दुखून राहिलं." बम म्हणजे फार की थोडं, हेच मला कळेना! (फार.) त्यानंतर मोमीनपुऱ्यातल्या, जरीपटक्यातल्या सिंधी घरातल्या, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या बांधकामावर छत्तीसगडहून आलेल्या अशा कितीतरी जणींच्या उशाशी बसले आणि बऱ्याच चुका केल्या. तुम्हीही बाहेरून येऊन इथे हे काम करणार असाल, किंवा इथल्याच असून दुसऱ्या समाजातल्या घरी जाणार असाल, तर त्या चुका परत करायची गरज नाही.

१. आधी तुमचं काम काय नाही ते ठरवा

डूला म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि सुईणही नव्हे. आपल्याकडे डूलासाठी सरकारी नोंदणी किंवा परवाना नाही. प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं, ते फाइलमध्ये ठेवा, पण ते दाखवलं म्हणून लेबर रूमचं दार उघडत नाही.

आतून तपासणं, बाळाचे ठोके बघून मत देणं, सलाइनच्या चाकाला हात लावणं, पोट वरून दाबणं, एरंडेल पाजणं, यातलं काहीही करायचं नाही. एखाद्या घरात ओळखीच्या कंपाउंडरकडून कळा वाढवायची सुई टोचून घेण्याची तयारी चाललेली दिसली, तर मात्र गप्प बसू नका. घरी, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष न ठेवता दिलेल्या त्या सुईने गर्भाशय फाटू शकतं. अशा वेळी मी वाद घालत नाही, सरळ म्हणते, "चला, गाडी काढा, दवाखान्यात जाऊ."

आणखी एक. पोटाचा आकार बघून मुलगा की मुलगी, असं तुम्हाला प्रत्येक घरात विचारतील. बाळंतपणं पाहणाऱ्या बाईला हे कळतं, अशी समजूत आहे. गंमत म्हणूनसुद्धा उत्तर देऊ नका. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या कायद्याने बंद झाली, पण प्रश्न बंद झालेला नाही, आणि तुमचा गमतीतला अंदाज त्या मुलीला पुढचे दोन महिने भोगावा लागतो. माझ्या तोंडात "बाळ" सोडून दुसरा शब्द नसतो.

२. दवाखान्याचं दार आधी उघडून घ्या

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. माझी झाली. एका खासगी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तोंडी "या ना, काही हरकत नाही" म्हटलं होतं. प्रत्यक्षात रात्री दोनला बाई बाहेरगावी, ड्यूटीवर दुसरे डॉक्टर, आणि वॉचमनला फक्त "एक पेशंट, एक नातेवाईक" एवढंच माहीत. मी सात तास जिन्याच्या पायरीवर बसले. आतून त्या मुलीचा आवाज येत होता. तेव्हापासून मी डॉक्टरांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घेते: अमुक पेशंटसोबत अमुक बाई लेबर रूममध्ये थांबतील. त्याची एक झेरॉक्स पेशंटच्या फाइलला, एक माझ्याकडे, एक रिसेप्शनला.

डॉक्टरांना भेटायला जाताना भावनिक बोलू नका. त्यांच्याकडे वेळ नसतो आणि "मी तिला आधार देईन" हे ऐकून त्यांना वाटतं की आपल्या कामात लुडबुड करणारं आणखी एक माणूस आलं. मी दोनच गोष्टी सांगते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली २६ चाचण्यांचा आढावा घेतला. १५,००० हून जास्त स्त्रियांच्या त्या आकडेवारीत, सतत कुणी सोबत असलेल्यांची बाळंतपणं सरासरीने थोडी लवकर आटोपली आणि सीझर कमी झाली. आणि दुसरं, मी तुमच्या सांगण्याविरुद्ध पेशंटला काहीही सांगणार नाही, सांगितलं तर मला बाहेर काढा. दुसऱ्या वाक्यावर डॉक्टर चश्मा काढून माझ्याकडे बघतात. तिथे काम होतं.

सरकारी दवाखान्याचं गणित वेगळं. नागपुरात गरीब घरातली बाई बहुतेक करून गांधीबागेतल्या डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात, मेयोत, मेडिकलला (ही दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं) किंवा मिहानच्या एम्सला जाते. भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, सगळीकडून अवघड केसेस नागपूरलाच येतात, त्यामुळे गर्दी कायमची. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आणि सरकारी लेबर रूम सुधारण्याच्या २०१७ च्या लक्ष्य कार्यक्रमात तोच आग्रह आला. पण ती सोबतीण म्हणजे घरातली बाई, जिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं आहे. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ हवेत, तिने कर्मचाऱ्यांच्या कामात पडू नये आणि दुसऱ्या पेशंटकडे जाऊ नये. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवऱ्यालाही घेता येतं. तुम्ही मात्र या चौकटीत बसत नाही.

म्हणून सरकारी दवाखान्यात मी आत जायचा हट्ट सोडला आहे. तिथे मी त्या घरातल्या सोबतिणीला तयार करते. कंबर कुठे दाबायची, पाणी कधी पाजायचं, सिस्टरला कसं विचारायचं, हे मावशीला किंवा मोठ्या जावेला दोन दुपारी शिकवून ठेवायचं आणि त्या रात्री आपण फोन उशाशी घेऊन बसायचं. तुमच्या हाताने काही होत नाही याचा सुरुवातीला राग येतो. पण मावशी पुढच्या पुतणीच्या वेळी माझ्याशिवाय ते सगळं करते, हे मी दोनदा पाहिलं आहे.

३. सातव्या-आठव्या महिन्यात घरी जा आणि दोन गोष्टी शोधा

परक्या समाजात काम करायचं म्हणून मी आधी याद्या केल्या होत्या. मुस्लिम घरात असं, सिंधी घरात तसं. त्या याद्या फाडून टाकल्या. आता कळा सुरू व्हायच्या आधी मला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: दुखण्यासाठी तिचा शब्द कोणता, आणि त्या घरात कुणाचं ऐकलं जातं.

शब्द का, ते सांगते. कळा म्हटलं की आपल्याला कळतं. मोमीनपुऱ्यात "दर्द लग गए" म्हणतील. छत्तीसगडची मुलगी "पीरा" म्हणेल. नागपुरी मराठीत "पोट दुखून राहिलं" हे अजीर्णालाही चालतं आणि बाळंतपणालाही, म्हणून पुढे "थांबून थांबून का सारखं?" हे विचारावंच लागतं. आणि काही घरांत दुखण्याला शब्दच नसतो, कारण दुखतं असं म्हणायचंच नसतं. मी सरळ विचारते, "मागच्या वेळी पाळीत पोट दुखलं तेव्हा आईला काय म्हणालीस?" ती जे म्हणते ते वहीत लिहून घेते आणि त्या रात्री तोच शब्द वापरते. पुस्तकातले "आकुंचन", "प्रसववेदना" वगैरे शब्द वाईला ठेवून या.

आता दुसरी गोष्ट. आपण धरून चालतो की सासूचं चालत असेल. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणजे घरात आई असते, पण फोनवर सासू असते, आणि सीझरच्या कागदावर सही करायची वेळ आली की तिसरंच कुणीतरी निघतं. जरीपटक्यातल्या एका घरी अख्खं कुटुंब एका विधवा आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायचं. मी दोन भेटी आई-सासूला समजावण्यात घालवल्या होत्या! ही बाई ओळखायची सोपी खूण: मी बोलत असताना बाकीच्या जिच्याकडे बघतात ती. तिच्याशी वेगळं बसा. तिचं स्वतःचं बाळंतपण कसं झालं ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. अर्धा तास जातो. पण लेबर रूमच्या बाहेर कालवा सुरू झाला की तोच अर्धा तास कामाला येतो.

हाक कशी मारायची हेही त्याच भेटीत ठरतं. काकू, मावशी, खाला, आपा, मोठी माय, जे घरात चालतं ते. "मॅडम" म्हणू नका, आणि तुम्हाला कुणी मॅडम म्हटलं तर पहिल्या चहालाच ते मोडून काढा.

४. आडनावावरून रीतभात ठरवू नका

हा माझा सगळ्यात लाजिरवाणा किस्सा. उत्तर नागपुरातलं घर, मराठी बोलणारं, सुशिक्षित. नवव्या महिन्यात शेवटच्या भेटीला मी वाईच्या सवयीने खण, नारळ आणि तांदूळ घेऊन गेले. ओटी भरायला हात पुढे केला तर ती मुलगी अवघडून आईकडे बघायला लागली. आई शांतपणे म्हणाल्या, "ताई, आमच्यात ओटी भरत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, शेजारी बुद्धमूर्ती होती. तीन भेटींत मी ते पाहिलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली तिथे मी नारळ घेऊन उभी होते. पुढे त्या आईनेच नारळाची बर्फी करून मला डबा पाठवला, ही त्यांची माणुसकी.

तेव्हापासून सगळ्या घरांत एकच प्रश्न विचारते, अगदी आपल्यातल्याच वाटणाऱ्या घरातही: "बाळ आल्यावर तुमच्याकडे पहिल्यांदा काय करतात, आणि काय अजिबात करत नाहीत?" उत्तराचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. कुठे पाचवीला सटवाईची पूजा असते, कुठे छठी असते, कुठे काहीच नसतं. मुस्लिम घरात बाळाच्या कानात अजान देतात. त्यासाठी वडील किंवा आजोबांना दोन मिनिटं बाळाजवळ येऊ द्यावं, हे मी सिस्टरला आधीच विनंती करून ठेवते. कुणी अडवत नाही, फक्त आधी सांगितलेलं असावं लागतं. अंग किती उघडं राहणार, पुरुष डॉक्टर चालेल का, बुरखा कुठे काढायचा आणि डोक्यावर ओढणी ठेवायची का, हेही तिलाच विचारायचं, आणि शक्यतो नवऱ्यासमोर नाही.

५. कागद

हे पटकन सांगते, कारण आशाताई याबाबतीत तुमच्यापेक्षा हुशार असतात. तिच्या वस्तीतल्या आशाताईंशी ओळख करून घ्या.

तिच्या फाइलमध्ये: माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकची झेरॉक्स, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि कावीळ यांचे रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी तारखेप्रमाणे लावलेल्या. आणि विदर्भात न विसरण्याचा एक कागद म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट.

पश्चिम महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी इथे थांबून नीट वाचा, कारण आपल्याला ही सवय नसते. विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. इथली मुलगी सहज सांगते, "मी एएस आहे, माझा भाऊ एसएस." एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार असलेली. एसएस असेल तर बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, आणि ते तिच्या डॉक्टरांनी ठरवलेलं असतंच. आपल्या वाट्याचं एवढंच: तिला तहानलेली ठेवायची नाही, थंडी वाजू द्यायची नाही (एसीचा झोत थेट अंगावर नको), आणि छातीत दुखणं, धाप, हातापायांचे सांधे ठणकणं यातलं काही ती बोलली तर त्याला कळांचाच भाग समजून गप्प बसवायचं नाही, त्याच मिनिटाला सिस्टरला सांगायचं.

सरकारी दवाखान्यात जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सीझर, औषधं, रक्त, तपासण्या, आणि जेवण (नॉर्मलला ३ दिवस, सीझरला ७ दिवस) मोफत असतं, घरून आणणं आणि परत सोडणंही. बऱ्याच घरांना हे माहीत नसतं आणि बाहेरच्या रिक्षाला पैसे मोजतात. १०२ आणि १०८ हे दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून या.

६. तुमची पिशवी

दोन टेनिस बॉल, गरम पाण्याची रबरी पिशवी, हातपंखा, नळीची पाण्याची बाटली, ओआरएस, खजूर, खोबरेल तेल, एक जुनं मऊ नऊवारी लुगडं. मोबाइलचा चार्जर, स्वतःसाठी जादा कुर्ता, चपला, पोळीभाजी. विकतचे अत्तराचे तेलबिल आणू नका, कळांमध्ये वास सहन होत नाही.

लुगड्याबद्दल बघणाऱ्यांना नवल वाटतं. ती गुडघ्यावर-हातावर ओणवी असताना ते पोटाखालून घ्यायचं, दोन्ही टोकं आपण धरायची आणि पोटाचा भार हलकेच उचलून डुलवायचा. डॉक्टरांनी नाही म्हटलं असेल किंवा रक्त जात असेल तर अर्थातच नाही. परदेशात यासाठी खास शाली विकतात. आमच्या आजीच्या लुगड्याने तेच काम होतं, शिवाय बायकांना ते ओळखीचं वाटतं.

७. कळा सुरू झाल्यावर

फोन आला की लगेच पळू नका, आधी ऐका. बोलता बोलता तिचं वाक्य तुटतंय का? कळ चालू असतानाही ती पूर्ण वाक्य बोलू शकत असेल तर बहुतेक वेळा अजून वेळ आहे. तिला घरीच चालू द्या, अंघोळ करू द्या, हलकं खाऊ द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांनुसार जोरदार टप्पा पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर धरतात, आणि पहिलटकरणीला तिथून पुढेही १२ तासांपर्यंत लागू शकतात. "तासाला एक बोट उघडायलाच पाहिजे" हे घरच्यांच्या डोक्यातलं गणित तिथेच मोडा, नाहीतर चौथ्या तासाला सगळे घाबरे होतात.

पण पुढचं काहीही असेल तर एकही मिनिट घरी नाही: रक्त जातंय, पाणी हिरवट किंवा काळपट आलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येते, झटके आले, ताप आहे, किंवा नाळ खाली आल्यासारखी लागते. महिने भरलेले नसताना कळा आल्या तरीही लगेच निघायचं.

रस्त्याचं आधी बघून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी-महालात गाडी शिरत नाही. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीच्या चारी बाजूंना माणसांचा समुद्र असतो. डिसेंबरात अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे आणि बॅरिकेड. तारीख या दिवसांत पडत असेल तर पर्यायी रस्ता आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघा.

८. लेबर रूममध्ये

आत गेल्यावर पहिलं काम, सिस्टरला नावानिशी नमस्कार. दुसरं काम, कोपरा धरणं. तिसरं काम, हात.

कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वरचा जो सपाट त्रिकोण आहे तिथे तळहाताची टाच ठेवा आणि कळ चढताना आपल्या अंगाचा भार टाका. मनगटाने दाबलंत तर तासाभरात तुमचाच हात जाईल. टाच लावून कोपर सरळ ठेवा. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असते तेव्हा सगळी कळ कमरेत येते, आणि अशा वेळी तिला दुसरं काही नको असतं, फक्त हा दाब हवा असतो. कळ उतरली की हात काढू नका, फक्त भार काढा. दर दोन तासांनी लघवीला न्या, दोन कळांच्या मधे पाण्याचे घोट द्या (डॉक्टरांनी मना केलं नसेल तर), खाटेवर उताणी पडून राहण्याऐवजी भिंतीला टेकून उभं राहणं, खुर्चीवर उलटं बसणं, चालणं, जे तिथे चालत असेल ते.

आणि तोंड बंद. सुरुवातीला मी खूप बोलायचे. "श्वास घे, छान, मस्त, ओरडू नको." ओरडू नको हे मी कुणाच्या सांगण्यावरून म्हणत होते? खाटेवरच्या बाईला तरी ते नको होतं. काही घरांत ओरडणं म्हणजे देवाचा धावा असतो, काही घरांत आईचं नाव. ओरडू द्या. आवाज खालचा, घशातून येणारा असेल तर तो कामाचा आवाज आहे. किंचाळी वर चढायला लागली तरच मी तिच्या कानाशी खालच्या सुरात हुंकार देते. बहुतेक वेळा ती आपोआप माझ्या सुरावर येते. यासाठी भाषा लागत नाही.

उलटंही होतं. मिहानच्या बांधकामावर काम करणारी छत्तीसगडची एक मुलगी होती, वीस-एकवीसची. तिच्या तोंडातून आवाजच नाही. चेहरा कोरा. ड्यूटीवरच्यांना वाटलं, हिला अजून वेळ आहे. मला सोबत थांबू दिलं होतं, म्हणून मी नुसती तिच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने लक्षात आलं की दर दोन-अडीच मिनिटांनी तिच्या पायाची बोटं आत वळतात. अंगठा ताठ, बाकीची चार मुडपलेली, आणि पैंजण हलत नाही. मग सुटतात. मी घड्याळ लावून सहा वेळा पाहिलं. सिस्टरकडे गेले आणि एवढंच म्हटलं, "सिस्टर, तुम्ही एकदा बघून घ्याल का? मला वाटतं कळा जवळ आल्यात." आठ सेंटिमीटर. तिला विचारलं, बाई, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, त्यांच्याकडे ओरडली तर बाकीच्या बायका हसतात.

सिस्टरला सांगायची पद्धत बघितलीत ना? "हिचं आठ झालंय" असं मी म्हटलं असतं तर मी बाहेर गेले असते, आणि ते मला माहीत असण्याचं कारणही नव्हतं. आपण पाहिलेलं सांगायचं, निष्कर्ष त्यांचा. डॉक्टर घाईत काही बोलून गेले आणि तिला कळलं नाही, तर तिच्या वतीने हो-नाही म्हणू नका. "सर, तिला एकदा तिच्या भाषेत सांगू का?" असं विचारा, सांगा, आणि मग तिच्याकडे बघून थांबा. उत्तर तिचं. सीझर ठरलं तर त्यात तुमची हार नाही. तुमचा चेहरा पडला तर मात्र तिला ती स्वतःची हार वाटते, हे मी एकीच्या तोंडून नंतर ऐकलं आहे.

९. पहिला तास

बाळ पुसून आईच्या छातीवर, नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबणं, तासाभरात पहिलं दूध. दवाखान्यात हे बहुतेक ठिकाणी आता माहीत असतं. अडतं ते बाहेर वाट बघणाऱ्या बायकांच्या हातात. कुणाच्या पदराला मधाची बाटली, कुणाच्या पर्समध्ये घुटी. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हे भांडणात सांगून उपयोग नाही, आठव्या महिन्यात त्या ऐकल्या जाणाऱ्या बाईला सांगून ठेवलेलं असावं लागतं. तहनीकची, म्हणजे चावलेला खजूर बाळाच्या तोंडात लावायची, रीत असलेल्या घरात मी विचारते की खजूर फक्त वडिलधाऱ्यांच्या ओठाला लावून दुआ केली तर चालेल का. काही घरं चालेल म्हणतात, काही मौलवींना विचारतात. ठरवायचं त्यांनी.

पहिलं पिवळं दूध पिळून टाकणाऱ्या आज्या अजून भेटतात. त्यांना पोषणाचं व्याख्यान नको. मी म्हणते, "आजी, गाय व्याली की चीक टाकून देता का हो?" "छे! खरवस नाही का करत." मग त्याच थोडा वेळ गप्प होतात.

१०. घरी गेल्यावर

तिसऱ्या आणि आठव्या दिवशी एक-एक फेरी ठेवा. शेक-शेगडीचा प्रश्न इथे येतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर, कूलर बंद, खिडक्या बंद, बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी. मी शेकाला विरोध करत नाही, आईला गरम पाण्याच्या अंघोळीनंतर कमरेला शेक खरंच बरा वाटतो. पण बंद खोलीतल्या कोळशाचा वायू दिसत नाही आणि जीव घेतो, म्हणून दार उघडं आणि बाळ खोलीबाहेर, एवढी अट घालते. बाळंतिणीला पाणी कमी पाजायची रीत असेल तर उन्हाळ्यात तीही मोडायला लागते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हरीरा, जे त्या घरात करतात ते करू द्या, बरोबर पाण्याचा तांब्या भरलेला असावा.

जन्माची नोंद २१ दिवसांत होते ना ते बघा. नाव ठरलं नाही म्हणून लोक थांबतात, नाव मागाहून घालता येतं.

पैशाचं म्हणाल तर निम्मे आठव्या महिन्यात, निम्मे आठव्या दिवशी, आणि दोन्ही कागदावर. सीझर झालं तरी तेवढेच, हे आधी लिहून द्या, नाहीतर "तुम्ही तर काही केलंच नाही" ऐकावं लागतं. सरकारी दवाखान्यातल्या बायकांकडून मी घेत नाही, तो माझा हिशोब झाला, तुमचा वेगळा असू शकतो. एक जोडीदारीण मात्र हवीच. दोघींच्या तारखा एकाच रात्री आल्या तर एकीला नाही म्हणण्यापेक्षा जिला तुम्ही ओळख करून दिली आहे अशी दुसरी बाई गेलेली बरी.

आठव्या दिवशीच्या फेरीत बाळाकडे बघायच्या आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "सांग, कसं झालं?" तुम्ही तिथेच होतात, तरी विचारा. छत्तीसगडच्या त्या मुलीने मला चहा दिला, पोरगी मांडीवर घेतली आणि अख्खी रात्र सांगितली, मोठ्याने, हातवारे करून, शेजारच्या चार जणी दारात येऊन ऐकेपर्यंत.